उभे स्पीकर आणि धाराशिवची घरे

जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, कमरेएवढ्या किंवा छातीएवढ्या उंचीच्या स्पीकरला बाजारात सरसकट ‘टॉवर’ म्हणतात आणि या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली स्वयंपूर्ण असते. वीज जोडली, मोबाइलचे ब्लूटूथ लावले की वाजू लागते. पुढे रंगीत दिवे, मागे माइकची सोय. धाराशिव, उमरगा, कळंब, परंडा इथल्या दुकानांत मुख्यतः हीच दिसते आणि वाढदिवसाला, हळदीला ती पुरते. दुसरी वस्तू म्हणजे पॅसिव्ह टॉवर. त्याच्या पोटात ॲम्प्लिफायर नसतो, मागे लाल आणि काळी अशी टर्मिनल असतात, तो जोडीने घ्यायचा असतो आणि ॲम्प्लिफायर वेगळा आणावा लागतो. निवांत बसून गाणे ऐकायचे असेल तर विचार या दुसऱ्या वस्तूचा करायचा. ती पाहायला जिल्ह्यातल्या माणसाला बहुधा सोलापूर, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. शोरूममधल्या ऐकण्याच्या खोलीत गालिचा असतो, भिंतींना अस्तर असते, बसायला गुबगुबीत सोफा असतो. तिथे ऐकलेला आवाज टेम्पोत भरून घरी आणता येत नाही. येतात ती फक्त खोकी. म्हणून टॉवरची निवड खोलीपासून सुरू करावी लागते.

स्पीकरची आतली रचना समजली की खोलीचे महत्त्व आपोआप कळते. आज वापरात असलेला स्पीकर मुळात १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडलेल्या आराखड्यावर चालतो. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे असते, त्यातून संगीताचा विद्युतप्रवाह गेला की ते मागेपुढे हलते आणि त्याला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा कोन हवा ढकलतो. खालचे सूर काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून वूफर मोठा असतो. वरचे सूर काढायला अतिशय चपळ हलावे लागते, म्हणून ट्विटर इंचभराचा असतो. कोणता सूर कोणाकडे पाठवायचा हे क्रॉसओव्हर नावाचे सर्किट ठरवते. स्वस्त टॉवरमध्ये काटकसर होते ती नेमकी या न दिसणाऱ्या भागात. पुढून चार वूफर दिसतात, आत मात्र क्रॉसओव्हरच्या नावाने एकुलता एक कपॅसिटर असतो.

उरते ते खोके. ते उंच का, याचे उत्तर अँटन हॉफमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात आहे. लहान खोके, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एका वेळी मिळतात. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी वूफर आणि खोक्याचे हे गणित इतके पक्के करून ठेवले की आज कोणत्याही कंपनीला त्याला बगल देता येत नाही. टॉवर म्हणजे जमिनीवरची जागा न वाढवता खोक्याचे घनफळ वाढवण्याची युक्ती. स्टँडवर ठेवलेला छोटा स्पीकरही जमिनीवर तेवढीच जागा अडवतो. टॉवर त्या स्टँडची पोकळी कामाला लावतो. त्यातून त्याला साधारण एक सप्तकापर्यंत अधिक खोल बेस किंवा त्याच वॉटमध्ये अधिक आवाज मिळतो. बहुतेक टॉवरना पुढे किंवा मागे नळीसारखे भोक असते, त्याला पोर्ट म्हणतात. त्यातून येणारी हवा खालच्या सुरांना जोड देते.

हा बेस कुठे जाऊन आदळतो, हा पुढचा प्रश्न. धाराशिव जिल्ह्यातले जुने घर म्हणजे माळवद. मातीत रचलेल्या दगडी भिंती, दोन-दोन फूट जाड. आत लाकडी खांब, तुळया, वर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. अशा घरात कोणी ध्वनिशास्त्राचा विचार केलेला नव्हता, पण खांब, तुळया, कोनाडे, देवळ्या यांमुळे वरचे आणि मधले सूर सगळीकडे विखुरले जात आणि चौकाकडे उघडणाऱ्या सोप्यातून बेस मोकळा होई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातली हीच घरे माणसांवर कोसळली. मातीच्या छताचे वजन आणि एकसंध नसलेल्या दगडी भिंती हे त्या संहाराचे मोठे कारण होते. उमरगा आणि लोहारा भागात, सास्तूरसारख्या गावांत, माळवदाची जागा सिमेंटच्या ठोकळ्यांनी आणि सपाट स्लॅबने घेतली. दोन्ही जिल्ह्यांतली मिळून ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. ज्या तालुक्यांना मोठा धक्का बसला नाही, तिथेही नवे बांधकाम सिमेंटचेच होत गेले. जीव वाचवणारा हा बदल योग्यच होता. ध्वनीच्या हिशेबाने मात्र जिल्ह्यातली बैठकीची खोली लहान, चौकोनी, गुळगुळीत आणि टणक झाली.

टणक समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून फुगतात. सर्वांत खालचा असा सूर काढण्याची रीत सोपी आहे. आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचा. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून दहा फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झचा सूर फुगतो. खोली दहा बाय दहा आणि छतही दहा फुटांवर असेल तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही दिशांनी हाच एक सूर फुगतो. डग्गा असो, ढोलकी असो, बेस गिटार असो, सगळे त्या एकाच घुमाऱ्यात बुडते. याउलट बारा बाय पंधरा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत हे सूर ३८, ४७ आणि ५६ हर्ट्झ असे फाकतात आणि कोणताही एक वरचढ होत नाही. (मे महिन्यात खोलीचे तापमान ४० अंशांवर गेले की आवाजाचा वेग ३५५ मीटर होतो आणि ५६ चे ५८ होतात. कानाला फरक कळत नाही, पण धाराशिवचा उन्हाळा या गणितातही हजेरी लावून जातो.) पत्र्याच्या छताची खोली हा वेगळाच प्रकार. पातळ पत्रा बेस अडवत नाही, तो बाहेर जातो आणि घुमारा कमी होतो. पण पत्र्याचे हूक आणि वायसर ढिले असतील तर प्रत्येक ठोक्याला ते झणझणतात. तिथे स्पीकर बदलण्याआधी पाना घेऊन वर चढणे स्वस्त पडते.

दुसरा हिशेब निनादाचा. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेले काही कळत नव्हते, म्हणून १८९५ पासून वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या उशा रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत निनाद मोजला आणि सूत्र मांडले. खोलीचे घनफळ ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागायचे. उत्तर सेकंदांत येते. बारा बाय पंधराच्या वरच्या खोलीचे घनफळ सुमारे ५१ घनमीटर. प्लास्टर, फरशी आणि स्लॅब पडलेल्या आवाजाचा दोन-तीन टक्केच भाग शोषतात, त्यामुळे रिकाम्या खोलीत निनाद तीन-चार सेकंद रेंगाळतो. संगीतासाठी घरच्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा आणि त्यासाठी सोळा चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतके शोषण भरून काढावे लागते. जाड पडदे, कापसाच्या गाद्या, उघडी पुस्तके, चार माणसे आणि भिंतीपासून चार बोटे सोडून टांगलेल्या दोन वाकळी यांनी त्यातला बराच भाग भरतो. सोलापुरी चादर दिसायला देखणी, पण एवढ्या कामाला पातळ पडते. वाकळीने ट्विटरची किरकिर आणि बोलण्यातला गोंगाट कमी होतो. ५६ हर्ट्झचा घुमारा मात्र तिला जुमानत नाही, कारण त्या सुराची तरंगलांबी सहा मीटरची असते आणि तो शोषायला फुटांच्या मापात जाडी लागते. कोपऱ्यात रचलेली गाद्यांची चळत थोडाफार उपयोग करते. पूर्ण उपाय एकच, खोलीला झेपेल एवढाच बेस आत आणणे.

यावरून निवडीचा पहिला निर्णय आपोआप ठरतो, आणि तो दुकानदाराला आवडणारा नसतो. दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीत टॉवर घेऊच नये. त्याच पैशांत मिळणारी पाच-साडेसहा इंची वूफरच्या छोट्या स्पीकरची जोडी स्टँडवर ठेवली तर तिथे ती अधिक स्वच्छ वाजते. बारा बाय पंधराच्या आसपासच्या खोलीला साडेपाच किंवा साडेसहा इंची दोन वूफरचा सडपातळ टॉवर शोभतो. आठ इंची वूफरचे भारदस्त टॉवर वाड्याच्या लांब सोप्याला, किंवा जेवणघराकडे उघडणाऱ्या वीस फुटांच्या हॉलला. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती ऐकून मोठे झालेल्या कानांना हे मिळमिळीत वाटते. पण ती भिंत मोकळ्या रस्त्यासाठी बांधलेली असते. रस्त्याला समोरासमोरच्या चार भिंती नसतात.

दुसरा निर्णय ऐकायचे काय यावर. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, मंद्र पंचम १०४, आणि खर्जातला षड्ज ६९. काळी चारमधल्या गायिकेचा मध्य षड्ज २०८. डग्ग्याचा आणि पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा शंभराच्या आसपास किंवा थोडा खाली. तुळजापूरच्या गोंधळात संबळाचा एक नग जाड बोलतो, दुसरा कडक. तुणतुणे आणि झांज तर वरच्याच सप्तकांत. म्हणजे तेरच्या गोरोबाकाकांच्या दारातले भजन असो, ख्याल असो की भावगीत, पन्नास हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा स्पीकर पुरतो. तीस हर्ट्झ लागतात ते इलेक्ट्रॉनिक संगीताला आणि सिनेमातल्या स्फोटांना. पन्नास-साठच्या दशकांतल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणात तर इतके खालचे फारसे काही नसतेच. ज्याच्या घरात मुख्यतः गळा ऐकला जातो, त्याने पैसा वूफरच्या संख्येवर न घालता मधल्या सुरांच्या स्वच्छतेवर घालावा.

मग येतात आकडे. माहितीपत्रकावर ‘३५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे लिहिलेले असते. पुढे अधिक-उणे ३ डेसिबल असे नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही, कारण ३५ हर्ट्झचा सूर इतरांपेक्षा दहा डेसिबलने खाली ऐकू आला तरी तो ‘ऐकू आला’ असे छापता येते. संवेदनशीलता हा अधिक कामाचा आकडा. ८८ डेसिबल म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरला एक वॉट दिला असता एक मीटरवर मिळणारी पातळी. तीन मीटरवर बसलेल्या माणसाला जोडीतून आणि खोलीच्या साहाय्याने एका वॉटमध्ये ८३-८४ डेसिबल मिळतात, आणि ते घरात चांगलेच मोठे असते. एखाद्या तिहाईच्या शेवटच्या ठोक्याला १०० डेसिबलची उसळी हवी असेल तर लागतात सुमारे ४० वॉट. दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट होतात, म्हणून ८५ डेसिबलच्या स्पीकरला त्याच कामासाठी ८० वॉट लागतील. पाचशे वॉटची गरज घरात कोणालाच नसते. ‘५००० वॉट पीएमपीओ’ असे खोक्यावर छापलेले दिसले तर यंत्राच्या मागची विजेची पट्टी वाचावी. जे यंत्र भिंतीतून ६० वॉट घेते ते सलग ६० पेक्षा जास्त देऊ शकत नाही. बाकीचा आकडा जाहिरातीचा.

रोध, म्हणजे ओहम, हा आकडा या जिल्ह्यात थोडा जास्त गांभीर्याने घ्यावा. चार ओहमचा स्पीकर आठ ओहमच्या तुलनेत ॲम्प्लिफायरकडून दुप्पट प्रवाह मागतो. ॲम्प्लिफायर म्हणून वापरले जाणारे स्वस्त एव्ही रिसीव्हर एरवीही गरम होतात. ४२ अंशांच्या दुपारी, शोकेसच्या बंद कप्प्यात, चार ओहमला जोडलेला रिसीव्हर मध्येच बंद पडला तर त्यात नवल नाही. ॲम्प्लिफायर साधा असेल तर सहा किंवा आठ ओहमचा टॉवर बरा, आणि रिसीव्हरच्या डोक्यावर वीतभर मोकळी हवा सोडावी. वायरवर मात्र पैसे उधळण्याचे कारण नाही. विजेच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर ओढली तर जाऊन-येऊन रोध जेमतेम ०.१२ ओहम भरतो.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. किंमत आणि नाव दिसत नसले की बहुतेक लोक एकाच जातीचा स्पीकर निवडतात असे त्यात आढळले: समोरून आवाज सपाट, आणि बाजूला सरकले तरी त्याचा पोत तसाच राहणारा. धाराशिवच्या टणक भिंतींत ही दुसरी अट जास्त मोलाची आहे, कारण कानावर येणारा बराच आवाज स्पीकरच्या बाजूने निघून भिंतीवरून परतलेला असतो. शिवाय घरातले सगळे काही नेमक्या मधल्या जागेवर बसत नाहीत. शोरूममध्ये ऐकताना म्हणून समोरून ऐकावे, मग चार पावले डावीकडे जाऊन ऐकावे, मग दाराबाहेर उभे राहून ऐकावे. गाणारा माणूस तिन्ही ठिकाणी तोच वाटला पाहिजे. सोबत स्वतःच्या रोजच्या ऐकण्यातली ध्वनिमुद्रणे न्यावीत; दुकानदाराने निवडलेली गाणी त्याच्या स्पीकरची बाजू घेतात. डग्ग्यावरची मींड ऐकावी. हाताचा दाब बदलतो तसा सूर वर-खाली सरकताना कळला पाहिजे. सगळे ठोके एकाच सुरात ‘धुम्म’ येत असतील तर तो बेस डग्ग्याचा नाही, खोक्याचा आहे. झांज पत्र्यासारखी खरखरली तर ट्विटर कच्चा. तानपुऱ्याची जवारी मोकळी, दाणेदार ऐकू आली तर मधले आणि वरचे सूर ठीक जुळले आहेत. दोन स्पीकरांची तुलना करताना आवाज सारखा ठेवायला सांगावे, कारण एखादा डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच चांगला वाटतो आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते.

घरी आल्यावर जागेचा प्रश्न येतो. बहुतेक घरांत टॉवर शोकेसच्या दोन्ही बाजूंना, कोपऱ्यांत कोंबले जातात. भिंत, दुसरी भिंत आणि जमीन अशा तिन्हींच्या सांध्यात ठेवलेला स्पीकर बेसला फुगवतोच. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, बाजूच्या भिंतीपासून तेवढाच दूर, दोन स्पीकरांत सहा ते आठ फूट, आणि बसण्याची जागा त्याच अंतरावर तिसऱ्या टोकाला, ही मांडणी सुरुवातीला धरावी आणि मग वीत-वीत सरकवून पाहावे. इतकी जागा मिळणार नसेल तर पोर्ट पुढे असलेला किंवा पोर्टच नसलेला टॉवर निवडावा. मागचा पोर्ट असलाच तर त्यात फोमचा बोळा घालून घुमारा कमी होतो. ऐकणारा मागच्या भिंतीला टेकून बसला तरी बेस फुगतो, म्हणून तक्क्यामागे फूट-दोन फूट सोडणे फायद्याचे.

जमिनीवर बसणाऱ्याच्या उंचीचा मुद्दा परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. टॉवरचा ट्विटर जमिनीपासून ९० ते ११० सेंटिमीटरवर असतो, कारण तो खुर्चीवर बसलेल्या कानासाठी योजलेला असतो. सतरंजीवर किंवा गादीवर मांडी घालून बसलेल्याचा कान ७० ते ८० सेंटिमीटरवर येतो. तीन मीटरवर हा फरक किरकोळ. पण लहान खोलीत दोन मीटरवर उंच टॉवर असेल तर कान दहा-अकरा अंश खाली पडतो आणि ट्विटर व वूफर यांचे सूर जिथे जुळतात तिथे खळगा पडू शकतो. बैठकीचे घर असेल तर ऐकून पाहतानाही जमिनीवरच बसून ऐकावे, लाज बाळगू नये, आणि ट्विटर खाली असलेला बुटका टॉवर निवडावा. खोक्यासोबत येणारे अणकुचीदार खिळेही गालिच्याच्या देशांसाठी आहेत. शहाबादी फरशीवर ते ओरखडे पाडतात. तिथे रबराचे पाय लावावेत.

भिंतीला भिंत लागून घरे असतील तर शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. बेस भिंतीतून सहज पलीकडे जातो. रात्री ऐकणाऱ्याने आवाज हळू ठेवूनही भरीव वाजणारा स्पीकर शोधावा.

जुनी जोडी स्वस्तात मिळत असेल तर आधी वूफरची कड दाबून पाहावी. फोमची कड दहा-पंधरा वर्षांत कुजते आणि बोटाला चुरा लागतो. रबराची कड बरीच टिकते. कड नवी बसवता येते, पण जळलेले वेटोळे बदलायला खर्च येतो. कोन दोन बोटांनी हळूच आत ढकलताना आतून खरखर आली तर ती जोडी सोडून द्यावी. १९७० पासून स्पीकर बनवणाऱ्या कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या भारतीय कंपन्यांच्या जुन्या जोड्यांचा विचार त्यामुळेही करावा, की त्यांचे सुटे भाग देशात शोधणे तुलनेने सोपे असते.

राहिली देखभाल. काळ्या रानाची बारीक धूळ उन्हाळ्यात सगळीकडे शिरते. जाळी काढून ऐकले तरी ऐकून झाल्यावर ती परत लावावी आणि कोन मऊ कोरड्या ब्रशनेच पुसावेत. पोर्टच्या नळीतून उंदीर आणि पाली आत जातात आणि उंदीर अस्तर कुरतडतात. नळीच्या तोंडावर डासांची नायलॉन जाळी ताणून बसवली तर हे बरेच कमी होते आणि आवाजात फारसा फरक पडत नाही. खोके बहुधा एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे असते, म्हणून ज्या भिंतीला वाळवीची माती दिसते तिथून ते दूर ठेवावे. भारनियमनात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर गुणगुणतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि नीट अर्थिंग असेल तर ती गुणगुण बहुधा राहत नाही. आणि टॉवर उंच, अरुंद, वीस-पंचवीस किलोचा असतो. लहान मूल त्याला धरून उभे राहू पाहते, आणि हा जिल्हा भूकंपाचा आहे. पायाखाली रुंद पट्ट्यांचा आधार द्यावा किंवा मागून एक पट्टा भिंतीतल्या हुकाला बांधून ठेवावा.